मूठ सोडली तरी वेग का उतरत नाही?

गोंदिया शहरापासून जवळच बिरसी हे गाव आहे. १९४० साली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिशांनी येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. आज तिथे विमानतळ आहे, आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण व कॅनडातील सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही वैमानिक घडवणारी संस्थाही आहे. सगळा परिसर धानाचा. एकीकडे प्रशिक्षणाची लहान विमाने उडतात, तर दुसरीकडे बांध्यांमध्ये पॉवर टिलर चिखलणी करतो आणि बांधाबांधाने मोटारसायकली ये-जा करतात.

या तिन्ही यंत्रांत एक गोष्ट सारखी आहे. माणसाचा हात एका ठिकाणी असतो, इंजिन दुसऱ्या ठिकाणी असते, आणि हाताचा हुकूम इंजिनापर्यंत पोहोचवावा लागतो. 'जास्त जोर लाव' हा हुकूम जसा पोहोचला पाहिजे, तसाच 'आता पुरे' हाही पोहोचला पाहिजे. पहिला हुकूम पोहोचला नाही तर गाडी जागच्या जागी राहते, फारसे बिघडत नाही. दुसरा पोहोचला नाही तर मात्र अपघात होऊ शकतो. मूठ सोडली तरी इंजिन भरधाव चालूच राहते. गॅरेजच्या भाषेत 'रेस अडकली'.

हा दोष दुचाकीत होतो, मोपेडमध्ये होतो, आणि एटीव्ही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाहनात तर विशेष होतो. एटीव्ही म्हणजे रुंद, मऊ टायरांची, दुचाकीसारखे हँडल असलेली, वाळू-चिखलातून चालणारी छोटी चारचाकी. पर्यटनस्थळी ती भाड्याने मिळते. २०२१ साली मुंबई पोलिसांच्या ताफ्यात चौपाट्यांवरील गस्तीसाठी अशी वाहने दाखल झाली. धानाच्या प्रदेशात एटीव्ही क्वचितच दिसते, पण तिची रेस आणि आपल्या दाराशी उभ्या असलेल्या मोटारसायकलची रेस ही सख्खी भावंडे आहेत. फरक इतकाच की मोटारसायकलला मूठ फिरवतात, तर एटीव्हीला अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबतात. म्हणून एकीचे दुखणे समजले की दुसरीचेही समजते. हे दुखणे समजून घ्यायला लागणारे सगळे विज्ञान माध्यमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात आहे.

उघडतो कोण आणि मिटतो कोण?

पेट्रोल इंजिनाला किती जोर लावायचा हे त्यात किती हवा शिरते यावर ठरते. हवेच्या वाटेवर एक दार असते. त्याला थ्रॉटल म्हणतात. जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये हे दार म्हणजे वर-खाली सरकणारा एक पोकळ दट्ट्या असतो. दट्ट्या वर उचलला की वाट मोकळी होते, खाली बसला की वाट जवळजवळ बंद होते. काही गाड्यांत दट्ट्याऐवजी मधल्या आसावर फिरणारी चकती असते.

मुठीपासून या दारापर्यंत एक पोलादी तार जाते. ती एका लवचीक नळीतून ओवलेली असते. सायकलच्या ब्रेकची तार आपण पाहिली आहे, तीच ही रचना. अर्नेस्ट बाऊडन या आयरिश गृहस्थाने १८९६ साली तिचे पेटंट घेतले, म्हणून तिला बाऊडन केबल म्हणतात. मिस्त्री तिला नुसते 'एक्सलेटर वायर' म्हणतात.

आता एक साधा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहावा. मूठ पुढे-मागे दोन्ही बाजूंना फिरते. मग दार उघडते आणि मिटते, ही दोन्ही कामे आपला हातच करतो का?

बहुतेकांचे उत्तर 'हो' येते. पण तार म्हणजे शेवटी दोरीच. दोरीने ओढता येते, ढकलता येत नाही. मूठ आपल्याकडे फिरवली की तार ओढली जाते आणि दार उघडते. मूठ उलटी फिरवली तर तार फक्त सैल पडते. दार मिटवण्याचे काम हात करत नाहीच. ते काम दट्ट्याच्या डोक्यावर बसवलेली एक छोटी स्प्रिंग करते. उघडतो हात आणि मिटवते स्प्रिंग.

या दोघांच्या ताकदीत मोठी तफावत आहे. हाताला लागेल तितका जोर लावता येतो. तार थोडी जड झाली तर हात नकळत अधिक जोर लावतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. स्प्रिंगचा जोर मात्र कारखान्यात ठरलेला असतो. वाटेतल्या घर्षणाने त्यातला वाटा खायला सुरुवात केली की ती तक्रार करत नाही, वाढीव जोर लावत नाही. एके दिवशी तिचा जोर अपुरा पडतो आणि दार उघडेच राहते. रेस अडकण्याच्या जवळजवळ सगळ्या कारणांचे सार हेच आहे की कोणीतरी स्प्रिंगचा वाटा खातो.

खुंटाला वेढलेला दोर

हा वाटा कसा खाल्ला जातो? बैल आवरत नसेल तर शेतकरी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला देतो आणि मोकळे टोक नुसते धरून ठेवतो. बैलाची सगळी ताकद खुंट आणि दोर यांच्या घर्षणात मुरते, हातापर्यंत थोडीच येते. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने याचे गणित मांडले. त्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दर समान वळणाला दोराचा ताण समान पटीने घटतो. दुसरी थोडी चकित करणारी आहे. खुंट जाड की बारीक याने काही फरक पडत नाही. किती अंशांतून दोर वळला आणि घर्षण किती, एवढेच महत्त्वाचे.

केबलची तारही आपल्या नळीच्या आतल्या भिंतीवर अशीच वळत जाते. उदाहरण घेऊ. समजा स्प्रिंग १००० ग्रॅम वजनाइतक्या जोराने तार ओढते, आणि मुठीपर्यंतच्या वाटेत तीन काटकोनी वळणे आहेत. तार स्वच्छ आणि तेल दिलेली असेल तर प्रत्येक वळणानंतर साधारण ०.८ पट ताण उरतो असे धरू.

पहिल्या वळणानंतर ८०० ग्रॅम, दुसऱ्यानंतर ६४० ग्रॅम, तिसऱ्यानंतर ५१२ ग्रॅम.

म्हणजे चांगल्या स्थितीतल्या केबलमध्येही निम्मा जोर वाटेतच गेला. आता तीच तार गंजली आहे, तिच्यात धूळ-माती शिरली आहे, आणि प्रत्येक वळणानंतर निम्माच ताण उरतो असे धरू.

५०० ग्रॅम, २५० ग्रॅम, १२५ ग्रॅम.

मूठ उलटी फिरवून तिला मूळ जागी आणण्यासाठी तारेला समजा २०० ग्रॅम जोर लागतो. पहिल्या केबलने ५१२ ग्रॅम दिले, मूठ टक्कन मागे आली. दुसरीने १२५ ग्रॅम दिले, मूठ जागची हलली नाही. घर्षण थोडे वाढले, तीन वळणांत त्याचा गुणाकार झाला, आणि केबल 'चालते' वरून 'अडकते' वर गेली.

यावरून हेही कळते की केबलचा मार्ग महत्त्वाचा आहे. मोठे वळणही फुकटचे नसते, कारण हिशेब एकूण कोनाचा आहे. लहान त्रिज्येची तीव्र वळणे तर आणखी वाईट, कारण तिथे नळी चेपते आणि तार झिजते. हँडल एका बाजूला पूर्ण वळवले की केबलची वळणे बदलतात, म्हणूनच सरळ रस्त्यावर गुणी असलेली गाडी वळणावर रेस धरते.

आणखी एक बारकावा. स्प्रिंग जितकी जास्त दाबलेली तितका तिचा जोर जास्त. दार पूर्ण उघडे असताना ती सर्वांत जोरात ढकलते, आणि दार मिटत आले की तिचा जोर सर्वांत कमी असतो. म्हणून सुरुवातीच्या काळात रेस पूर्ण अडकत नाही. मूठ बरीचशी परत येते, पण शेवटचे थोडे अंतर राहून जाते. सिग्नलला उभे असताना इंजिन नेहमीपेक्षा जरा चढ्या आवाजात चालते, मुठीला हलका धक्का दिला की उतरते. हे लक्षण म्हणजे दुखण्याची पहिली पायरी आहे. आयडलिंगचा स्क्रू फिरवून आवाज कमी केला तर लक्षण झाकले जाते, दुखणे तसेच राहते.

उभी असताना ठीक, चालताना अडकते

काही वेळा मालक सांगतो की इंजिन बंद असताना मूठ अगदी मोकळी फिरते, पण रस्त्यावर रेस अडकते. मिस्त्रीला ते पटत नाही. याचे कारण हवेच्या दाबात आहे.

इंजिन चालू असते तेव्हा ते हवा आत ओढत असते. दार मिटत आले की दाराच्या इंजिनाकडील बाजूला दाब खूप कमी होतो, बाहेरच्या बाजूला मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. समजा दट्ट्याचे हवेसमोरचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आहे आणि दोन बाजूंच्या दाबांत अर्ध्या वातावरणाचा फरक आहे. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका असतो. म्हणजे दट्ट्या सुमारे दीड किलोच्या जोराने भिंतीवर दाबला जातो! स्वच्छ, गुळगुळीत दट्ट्या तरीही खाली घसरतो. पण त्यावर धूळ-तेलाचा थर असेल किंवा चरे पडले असतील तर तो तिथेच चिकटून बसतो. इंजिन बंद केले की दाबांतला फरक नाहीसा होतो आणि दट्ट्या निरागसपणे खाली येतो.

धानाच्या भागात या थराला आणखी एक कारण आहे. गोंदियात भातगिरण्या पुष्कळ. धानाच्या तुसात सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, भरपूर असते. मळणीच्या आणि भरडाईच्या दिवसांत हवेत उडणारी ही बारीक धूळ फाटक्या किंवा नीट न बसवलेल्या एअर फिल्टरमधून आत गेली तर ती दट्ट्याला पॉलिश पेपरसारखी घासते.

रोग कुठे आहे ते शोधावे कसे?

आता निदानाकडे वळू. संशयित चार आहेत : मूठ किंवा अंगठ्याची पट्टी, केबल, कार्ब्युरेटरचे दार आणि त्याची स्प्रिंग, आणि चौथा, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, तो म्हणजे चोरवाटेने शिरणारी हवा. एकदम सगळे उघडून बसण्यापेक्षा साखळी मधोमध तोडून दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहावे. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तीच ही शिस्त.

पहिली पायरी. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण फिरवा आणि एकदम सोडून द्या. ती स्वतःहून मागे आली पाहिजे आणि दार मिटल्याचा 'टक' असा आवाज आला पाहिजे. हीच चाचणी हँडल पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे ठेवून करा. एकाच बाजूला अडकत असेल तर केबलचा मार्ग चुकला आहे, किंवा ती कुठेतरी चेपते किंवा ताणली जाते.

दुसरी पायरी. केबल कार्ब्युरेटरकडून सोडवा. आता मूठ, केबल हा एक अर्धा आणि दार, स्प्रिंग हा दुसरा अर्धा वेगळा झाला. सोडवलेल्या केबलचे टोक बोटांनी ओढून पाहा. ते जड असेल तर दोष वरच्या अर्ध्यात आहे. मग केबल मुठीकडूनही सोडवा. नुसती तार नळीत पुढे-मागे सरकते का? सरकत असेल तर दोष मुठीत, नसेल तर केबलमध्ये.

तिसरी पायरी. वरचा अर्धा मोकळा असेल तर दट्ट्या बाहेर काढून पाहा. त्यावर चरे, काळा थर, वाळूचे कण आहेत का? त्याच्या अंगावरची खाच कार्ब्युरेटरमधल्या छोट्या खिळीवर नीट बसते का? दुरुस्तीनंतर झाकण तिरके बसले किंवा ही खाच चुकली की नुकतीच दुरुस्त केलेली गाडी रेस धरते. चकतीचे दार असेल तर तिचा आस आणि बाहेरची स्प्रिंग पाहा.

चौथी पायरी. दार पूर्ण मिटले आहे, केबल सैल आहे, तरी इंजिन चढ्या आवाजात चालते. अशा वेळी थ्रॉटल अडकलेलाच नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी तुकडा वाळून तडकला असेल किंवा त्याचा पट्टा ढिला असेल, तर तिथून जादा हवा शिरते. त्याने इंजिनाला हवा जास्त, पेट्रोल कमी असे मिश्रण मिळते आणि ते आपोआप जोरात चालू लागते. या रोगावर केबलला कितीही तेल दिले तरी उपयोग नाही.

चालत्या गाडीवरही एक खूण मिळते. रेस अडकल्यावर मूठ हाताने पुढे ढकलून रेस उतरली तर दोष बहुधा मुठीत असतो. मूठ सैलपणे पुढे फिरली पण इंजिन ऐकत नसेल तर दोष केबलमध्ये किंवा दारात आहे. मोठ्या ताकदीच्या अनेक मोटारसायकलींना म्हणूनच दोन तारा असतात. दुसरी तार मूठ उलटी फिरवताना ओढली जाते, आणि मिटवण्याच्या कामात स्प्रिंगला हाताची मदत मिळते.

बंदोबस्त

रोवणीच्या दिवसांत गाडी चिखलाने माखते आणि मग पाण्याचा जोरदार फवारा मारून धुतली जाते. हे पाणी केबलच्या वरच्या टोकातून आत शिरते, खालच्या वळणात साचते आणि तिथे तार गंजते. फवारा मूठ आणि केबलच्या टोकांवर मारू नये, आणि टोकांवरच्या रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदलाव्या. समुद्रकाठी तर पाण्यात मीठ असते, तिथे ही काळजी दुप्पट.

केबलला पातळ तेल द्यावे, ग्रीस नव्हे. घट्ट ग्रीस धूळ धरून ठेवते, आणि हिवाळ्यात गोंदियासारख्या ठिकाणी पारा १० अंशांच्या खाली उतरतो तेव्हा ते अधिकच घट्ट होते. केबल उभी धरून वरच्या टोकाला कागदाचे किंवा प्लास्टिकचे छोटे नरसाळे बांधावे आणि थेंब थेंब तेल सोडावे. खालच्या टोकातून स्वच्छ तेल येईपर्यंत थांबावे. काही केबलींना आतून नायलॉनचे अस्तर असते. त्यांना तेल द्यायचे की नाही हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

तारेचा एखादा धागा तुटलेला दिसला तर केबल बदलावी. तो धागा कापून टाकून काम भागत नाही. आत तुटलेला धागा माशाच्या गळासारखा असतो. एका दिशेने तार सहज सरकते, उलट दिशेने धागा नळीत रुततो. रेस उघडते पण मिटत नाही, याचे हे अगदी नमुनेदार कारण आहे.

मुठीला थोडी ढील असलीच पाहिजे. बहुतेक गाड्यांत मुठीच्या कडेशी मोजलेली साधारण २ ते ६ मिलिमीटर ढील सांगितलेली असते. मुळीच ढील नसेल तर हँडल वळवताच तार ओढली जाऊन रेस वाढते. नवे रबरी कव्हर चढवल्यावर त्याची कड शेजारच्या भागाला घासत नाही ना, गाडी पडल्यानंतर मुठीचे टोक वाकलेले नाही ना, मोबाइलचा स्टँड बसवताना पट्टी केबलवर आवळली गेली नाही ना, हेही पाहावे.

पण रेस अडकलीच तर?

तर पहिले काम म्हणजे इंजिन चाकांपासून तोडणे. क्लच असेल तर तो दाबावा आणि ब्रेक लावावा. इंजिन किंचाळेल, त्या आवाजाला घाबरू नये, कारण आता ते चाकांना ढकलत नाही. लगेच हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा स्विच दाबावा. स्कूटर-मोपेडला क्लच नसतो. तिथे ब्रेकबरोबर स्विच किंवा किल्ली हाच उपाय. किल्ली फक्त 'बंद' पर्यंत फिरवावी, हँडल लॉक होईल इतकी नाही. म्हणून लाल स्विच कुठे आहे हे गाडी चालू करण्याआधीच बोटांना माहीत असायला हवे.

पीथमपूर येथे २००७ साली सुरू झालेल्या बाहा स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बनवलेल्या एटीव्ही चालवतात. तिथे प्रत्येक गाडीला असे दोन स्विच लागतात. एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेर, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही इंजिन बंद करता यावे. लहान मुलांसाठी बनवलेल्या एटीव्हींमध्ये तर दार फार उघडू नये म्हणून अडवणारा स्क्रू असतो, आणि मनगटाला बांधायची एक दोरी असते. मूल खाली पडले की दोरी निघते आणि इंजिन बंद पडते. पर्यटनस्थळी मुलांना बसवण्याआधी ही व्यवस्था आहे का, हे शिक्षकांनी जरूर विचारावे.

पॉवर टिलरच्या डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. त्यामुळे विजेचा प्रवाह तोडून ते थांबत नाही, इंधनच तोडावे लागते. टिलरचा मुख्य क्लच सोडवावा आणि इंधन बंद करण्याचा दांडा ओढावा.

तुटले तर काय व्हावे?

गोंदिया हे रेल्वेचे मोठे जंक्शन. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर हात आपोआप 'धोका' या स्थितीत येतो. गाडी विनाकारण थांबेल, पण धडकणार नाही. मोटारसायकलच्या स्प्रिंगमागे हाच विचार आहे. हुकूम आला नाही तर दार मिटावे.

विमानात मात्र हा विचार उलटा होऊ शकतो. आकाशात इंजिन मंदावणे हाच धोका. म्हणून लहान विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स ९१२ या इंजिनाच्या कार्ब्युरेटरवरील स्प्रिंग दार उघडण्याच्या बाजूला ओढते. तार तुटली तर इंजिन पूर्ण जोरात चालते, आणि वैमानिकाला उंची राखून धावपट्टीपर्यंत येता येते. लहान विमानांत जोराचा दांडा सोडला तरी तो मागे येत नाही, जिथे ठेवला तिथेच राहावा म्हणून मुद्दाम घर्षण दिलेले असते. रस्त्यावर जो दोष, तो हवेत गुण! 'सुरक्षित बाजू कोणती' याचे उत्तर यंत्रात नसते, ते यंत्र कुठे चालते यात असते.

२०२० च्या एप्रिलपासून देशात बीएस-६ मानके आली आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. त्या जागी इंधन फवारणारी यंत्रणा आली. पण हवेचे दार आहेच, आणि बहुतेक गाड्यांत तार व स्प्रिंगही आहेत. मोटारींत तारेऐवजी विजेचे संदेश आले, तरी अडथळा कुठेही येऊ शकतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात एका मोटारीचा अॅक्सिलरेटर पायाखालच्या चुकीच्या मापाच्या चटईत अडकून चार जणांचा जीव गेला. त्यानंतर ब्रेक दाबताच अॅक्सिलरेटरचा हुकूम रद्द करणारी व्यवस्था अनेक कंपन्यांनी बसवली.

वर्गात करून पाहा

एक गोल दांडी किंवा लोखंडी पाइप टेबलाला आडवा घट्ट बांधा. त्यावरून सुती दोरी टाका. एका टोकाला १०० ग्रॅम वजन लावा. दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची बाटली बांधून तिच्यात हळूहळू पाणी ओता आणि दोरी सरकायला लागते तेव्हा बाटलीचे वजन मोजा. हा झाला अर्धा वेढा. समजा उत्तर १५० ग्रॅम आले, म्हणजे दीडपट. आता दोरीला आणखी एक पूर्ण वेढा द्या, म्हणजे एकूण तीन अर्धे वेढे. मोजण्याआधी विद्यार्थ्यांना भाकीत करायला सांगा. बरेच जण २५० म्हणतील. गुणाकाराच्या नियमाने ते १.५ चा घन गुणिले १००, म्हणजे सुमारे ३३८ ग्रॅम यायला हवे. मग दुप्पट जाडीचा पाइप घ्या, नंतर पाइपला तेल लावा, नंतर पॉलिश पेपर गुंडाळा. कशाने फरक पडतो आणि कशाने नाही, हे मुले स्वतः शोधतील.

सायकलच्या दुकानातून ब्रेकची एक जुनी आणि एक नवी केबल आणून स्प्रिंगकाट्याने हाच प्रयोग सरळ, एक वळण, दोन वळणे असा करता येतो. जुन्या केबलचे आकडे फळ्यावर लिहिले की पुढे फार सांगावे लागत नाही.

बिरसीच्या धावपट्टीवर शिकणारा विद्यार्थी उड्डाणापूर्वी प्रत्येक नियंत्रण शेवटपर्यंत हलवून ते मोकळे आहे ना, हे पाहतो. काल ठीक होते म्हणून आज ही तपासणी टाळत नाही. आपल्या दुचाकीसाठी तीच तपासणी १० सेकंदांची आहे. इंजिन सुरू करण्याआधी हँडल डावीकडे, मध्ये, उजवीकडे ठेवून तीन वेळा मूठ फिरवायची, सोडायची, आणि तीन वेळा 'टक' ऐकायचे. एखादा 'टक' आला नाही तर त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये न्यायची, तीही ढकलत.